मांडीवरचे खळगे

रविवार, संध्याकाळ. खुटबाव.

दौंडच्या स्किन क्लिनिकमधल्या बाईंनी काल सांगितलं की सेल्युलाइट, म्हणजे कातडीखालच्या चरबीनं पडणारे हे खळगे, तीन प्रकारचं असतं. घट्ट, सैल आणि सूज धरणारं. मग माझं कुठलं? आडवी झाले की काही दिसत नाही, उभी राहिले की मांडीवर खळगे. चिमटीत धरलं तर घट्ट लागतं. आणि दिवसभर ऑफिसात बसून पाय सुजतात, ते कशात धरायचं? मसाज, मशीन, की सुईनं आतले धागे तोडायचे? क्रीमचा फारसा उपयोग नाही, आणि कशानंच कायमचं जात नाही म्हणाल्या. मग करायचं तरी कशाला? पण माझं लग्न तोंडावर आलंय.

आज आई उसाला पाणी देत होती. साडी नेहमीसारखी गुडघ्यांच्या वर खोचलेली. ती वाकली आणि मला मागून दिसले. तेच खळगे! इतकी वर्षं ती खोचलेली साडी बघतेय, कधी कसे दिसले नाहीत?

"आई, हे तुला कवापासनं हाय गं?"

"काय? आगं, मांडी हाय ती. तुझ्या आत्याची बी तशीच."

तरी मी तिला तिन्ही प्रकार सांगत बसले. तिचा कुठला, ते बोटानं दाबूनसुद्धा पाहिलं. ती हसली, फावड्यानं दारं मोडलं आणि पाणी पुढच्या सरीत सोडलं.

पण पुढं जाताना तिनं खोचलेली साडी खाली सोडली. काठ चिखलात लोळला, तरी परत वर घेतली नाही.

क्लिनिकला परत जायचं की नाही, कळत नाही. आई अंगणात बसून काठाचा चिखल धुतेय.