तासाला चव्वेचाळीस वेळा

अल-मीना, त्रिपोली
(लेबनॉनची. लिबियाची नव्हे.)

आदरणीय थोरले बंधू वजीह, म्हणजेच अबू सलीम, यांना धाकट्या मुंझिरचा सलाम. अल्लाच्या कृपेनं इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचा गुडघा, तुमची साखर, अंगणातली लिंबाची झाडं आणि हियामवहिनींचा रक्तदाब ही मंडळी आपापल्या जागी शांत असतील अशी आशा आहे. वहिनींना माझा आणि नवालचा सलाम सांगावा. सैदाची हवा आमच्या मीनापेक्षा बरी आहे असं तुम्ही लग्न करून तिकडे गेल्यापासून म्हणत आला आहात, तेव्हा तब्येतीची चौकशी करणं म्हणजे तुमच्या हवेचा अपमान, पण रीत म्हणून करतो. (एवढं ‘तुम्ही’ पुरे. थोरल्याला लिहिताना निदान पहिल्या चार ओळी अदबीनं लिहाव्यात असं बाबांनी शिकवलं होतं. मी जास्तच लिहिल्या.)

तर दादा, पत्राचं कारण असं की मी झोपलो. तू हसशील. साठ वर्षं ज्याला सगळ्या खानदानानं ‘घुबड’ म्हटलं तो तुझा भाऊ रात्री झोपला आणि सकाळी उठला. फोनवरच सांगणार होतो, पण मागच्या खेपेला मी बोलत असताना तुझा आवाज बंद झाला. मला वाटलं लाइन गेली. दहा मिनिटं हॅलो हॅलो केल्यावर वहिनींनी फोन उचलून सांगितलं, ‘अहो, ते खुर्चीतच झोपलेत.’ म्हणून हे कागदावर. सैदाला जाणाऱ्या बसवाल्याच्या हाती देतो आहे, आपलं पोस्ट तुला माहीतच आहे.

माझ्या जागरणाची कहाणी तुझ्याइतकी कुणाला ठाऊक? स्टेशनामागच्या त्या दोन खोल्यांत दाराशी एका गादीवर आपण दोघं, आतल्या खोलीत आई-बाबा. तू उशीला डोकं टेकवलंस की गेलास, आणि मी छताकडे बघत. आईनं काय केलं नाही सांग. बडीशेपेचा काढा झाला, शेखसाहेबांचा ताईत उशीखाली झाला, पायाच्या तळव्यांना कोमट तेल झालं. तू म्हणालास, ‘मालगाडीचे डबे मोज.’ मी मोजले. पहाटेपर्यंत पार सीरियात होम्सच्या पलीकडे पोचेल एवढी गाडी जोडली आणि मग बाबा रात्रपाळीवरून आले, त्यांना दार उघडून दिलं. (बाबांना दार उघडणं हे माझंच खातं होतं. सांधेवाल्याच्या त्या निळ्या सदऱ्याला कोळशाचा, ग्रीसचा आणि समुद्राचा असा मिळून एक वास यायचा. तो आता जगात कुठेच उरलेला नाही. स्टेशनात गाडीच्या डब्याएवढी अंजिराची झाडं रुळांतून उगवली आहेत.)

पुढे लग्न झालं, सुतारकामाचं दुकान टाकलं, हैसम झाला आणि मी अबू हैसम झालो, युद्धं आली आणि गेली, पण झोप काही आली नाही. गंमत ही, की मी छाती ठोकून सांगायचो, ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही,’ आणि नवाल कपाळाला हात लावून म्हणायची, ‘मग रात्रभर घोरत कोण होतं, शेजारचं गाढव?’ यावर आमची चाळीस वर्षं भांडणं झाली. मी म्हणे, जो झोपतच नाही तो घोरेल कसा? ती म्हणे, जो घोरतो तो जागा कसा? मामला कोर्टात गेला असता तर आम्ही दोघंही जिंकलो असतो, हे आत्ता कळतंय.

मामला सुटला तो हाजी रशादच्या मयतीनंतरच्या बैठकीत. तिसरा दिवस, पुरुषमंडळी ओळीनं बसलेली, कुराणपठण चाललेलं. माझ्या हातात कडू कॉफीचा पेला. दुःख मला खरंच झालं होतं, हाजीनं माझ्याकडून तीन कपाटं करून घेतली होती. पण डोळा लागला. कॉफी शेजारच्या निवृत्त जजसाहेबांच्या मांडीवर गेली, आणि मी असा घोरलो म्हणे, की पठण करणारे शेख मध्येच थांबले. थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात माझंही घोरणं थांबलं. म्हणजे श्वासच थांबला. जजसाहेब ओले झाले असूनही ओरडले, ‘अरे, हाही गेला!’ मग मी एक मोठा आचका देऊन परत आलो. हाजीच्या मुलानं मला अत्यंत अदबीनं घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी नवालनं माझं काही ऐकलं नाही.

दवाखान्यात एक रात्र ठेवलं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावल्या, बोटाला चिमटा. मी त्या मुलीला म्हणालो, ‘पोरी, अशानं तर झोपणारासुद्धा जागा राहील.’ सकाळी मी ठामपणे जाहीर केलं, की मी क्षणभरही झोपलेलो नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदाची लांबच लांब पट्टी पुढे केली.

‘अबू हैसम, तुम्ही सहा तास झोपलात.’

‘अशक्य.’

‘आणि तासाला चव्वेचाळीस वेळा तुमचा श्वास बंद पडला. प्रत्येक वेळी मेंदूनं तुम्हाला हलवून उठवलं. तुम्हाला आठवत नाही, एवढंच.’

नवालचा चेहरा तू बघायला हवा होतास. चाळीस वर्षांचा विजय. बाहेर येण्याआधी तिनं तीन बहिणींना फोन केले होते. पण त्याआधी बाईंनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला असं होतं?’ मी म्हणालो, नाही. नवाल म्हणाली, ‘सासऱ्यांना. सासूबाई त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधायच्या.’

दादा, ती दोरी आठवते ना? एक टोक बाबांच्या अंगठ्याला, दुसरं आईच्या मनगटाला. आपण विचारलं तर म्हणायची, ‘ड्युटीची वेळ चुकू नये म्हणून.’ आपणही मान डोलावली. रविवारी कसली ड्युटी, ईदच्या दिवशी कसली, आणि एका रात्रीत दोरी दहा-दहा वेळा का ओढावी लागते, हे दोन्ही हुशार मुलांना सुचलं नाही. मी तर जागा होतो, मला ऐकू यायचं. बाबांचं इंजिन धडधडत चाललेलं, मग एकदम सामसूम, मग दोरीचा सरकन आवाज, आणि इंजिन पुन्हा सुरू. आई गेली आणि सात महिन्यांत बाबा झोपेतच गेले. सगळे म्हणाले, बायकोच्या दुःखानं गेला. दुःख होतंच. मी त्या बाईंसमोर खुर्चीत बसून रडलो. बाईंना वाटलं यंत्राला घाबरलो.

तर यंत्र. हैसमनं कुवेतहून पाठवलं. जेवणाच्या डब्याएवढं आहे, नळीतून नाकात वारा सोडतं, म्हणजे घसा मिटत नाही. ते लावून द्यायला रीम नावाची एक मुलगी आली, आपल्या सायकलवाल्या दर्वीशची नात. नाकातोंडावर बसणारा मुखवटा लावला तर मिशीतून हवा फुसफुसायला लागली. ‘काका, मिशी आणि मास्क यांचं जमत नाही.’ बाबांसारखी ठेवलेली मिशी, पंचेचाळीस वर्षांची! दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी न्हाव्याकडे गेलो, त्यानंही आधी दोनदा विचारलं, ‘बायकोशी बोललात का?’ परत येताना गल्लीत कुणी सलाम केला नाही, ओळखलंच नाही. पुढल्या आठवड्यात रीमनं पिशवीतून दुसरंच काही काढलं, नुसतं नाकपुड्यांत बसणारं. ‘याला मिशी चालते, काका.’ मी म्हणालो, ‘हे आधी का नाही दाखवलंस?’ म्हणाली, ‘आधी मिशी होती, म्हणून मोठाच लागेल असं वाटलं.’ वर ‘आता तुम्ही तरुण दिसता’ म्हणाली, म्हणून माफ केली.

मग वीज. सरकारी वीज दोन तास, बाकी गल्लीला वीज विकणाऱ्या अबू रबीचं जनरेटर, ते बाराला बंद. पहिल्या रात्री बाराच्या ठोक्याला वारा बंद झाला आणि मी नाकात बोळा घातलेला मासा होऊन उठलो. अबू रबीकडे गेलो. तो म्हणाला, ‘बारानंतर सगळी गल्ली झोपते, अबू हैसम. झोपायला वीज कशाला?’ मी म्हणालो, ‘मला झोपायलाच लागते.’ त्यानं मला नीट निरखून पाहिलं, मिशीच्या जागेकडेही पाहिलं, आणि आपल्या पोराला म्हणाला, ‘अबू हैसमना खुर्ची दे रे.’

इथे जुर्जी उपयोगी पडला. (जुर्जी कोळी, अंगठीत बोट अडकलं म्हणून स्वतःच्या लग्नातून पळालेला तोच.) तो माझा पहाटेचा सोबती. वीस वर्षं चार वाजता मी किनाऱ्यावर जायचो, तो जाळी आवरायचा, दोघं बोलायचो किंवा बोलायचो नाही. आता बारापर्यंतच्या झोपेची चटक लागून मी पहाटेही पडून राहायला लागलो; चार दिवस दिसलो नाही, तेव्हा तो काळी टोपी घालून, हातात मासे घेऊन सकाळी दारात उभा. नवालला म्हणतो, ‘वहिनी, कळवायचं तरी. खांदा द्यायला आलो असतो.’ मी आतून ओरडलो, ‘मेलो नाही, झोपलो होतो!’ त्याला ते जास्त खोटं वाटलं. सगळं ऐकल्यावर मात्र त्यानं बोटीची जादा बॅटरी आणून पलंगाखाली ठेवली. यंत्र चालायला लागलं. पण बॅटरी वीस वर्षं माशांत राहिलेली. यंत्र खालची हवा ओढून नाकात सोडतं, त्यामुळे तीन रात्री मी बांगड्यांच्या ढिगात झोपलो. वास घालवायला नवालनं काय करावं? वारा ओलसर करायला यंत्राला एक टाकी असते, तिच्यात ऊर्ध्वपातित पाणीच घाला असं रीमनं बजावलं होतं. नवाल म्हणाली, ‘मी दर वसंतात संत्र्याच्या फुलांचं पाणी काढते, ते काय वेगळं असतं? तेही ऊर्ध्वपातितच.’ आणि ओतलं.

(रीमनं नंतर आम्हा दोघांना शाळेतल्यासारखं रागावलं. टाकी फेकावी लागली. तू असलं काही करू नकोस.)

पण दादा, ती रात्र. मला स्वप्न पडलं. मला स्वप्न पडत नाहीत, तुला ठाऊक आहे. आईनं आतल्या खोलीत पांढरी चादर पसरली होती, तिच्यावर ओंजळीनं फुलं, आणि तू नि मी पाकळ्या वेचत होतो. तू पाकळ्या खात होतास, आई डोळे वटारत होती आणि ओठांवर बोट ठेवून आत खुणावत होती, बाबा झोपलेत. मी ऐकलं. बाबांचा श्वास येत होता आणि जात होता. मध्ये काहीच नव्हतं, नुसता येत होता आणि जात होता. मी जागा झालो तेव्हा साडेसात वाजले होते आणि कपाटावर ऊन होतं. ते कपाट मीच केलेलं, तीस वर्षांपूर्वी. सकाळच्या उन्हात अक्रोडाच्या रेषा अशा दिसतात हे मी पलंगावरून कधी पाहिलेलं नव्हतं. नवाल शेजारी बसली होती. म्हणाली, ‘उठवू का नको कळेना.’

आता रोज झोपतो. खोटं कशाला बोलू, काहीतरी गेल्यासारखंही वाटतं. पहाटेचं गाव मला कानानं पाठ होतं. भट्टीचं दार कधी वाजतं, कोण खोकत येतं, पहिली बोट कुणाची. ते सगळं आता माझ्याविना चालतं. जुर्जी हल्ली एकटाच असतो, म्हणून मी रोज दहा वाजता जाऊन त्याला झोपेतून उठवतो.

असो. या गुरुवारी तू इकडे ये. जुर्जी ताजा लाल मासा देणार आहे, नवाल भात करील. येताना तिकडच्या त्या तोंडात विरघळणाऱ्या गोड बिस्किटांचा डबा आण, खाऱ्यांचा नव्हे. रात्री मुक्काम कर. वहिनींना आणू नकोस, त्यांना बैरूतला बस बदलायचा त्रास.

तुझा धाकटा,
मुंझिर

ता.क. १ – मासा नाही. म्हणजे मासा आहे, पण दुपारी. गुरुवारी रात्री डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव घातलं आहे. वायरी फार त्रास देत नाहीत, मी वर जरा वाढवून लिहिलं. ‘मी दगडासारखा झोपतो’ हे वाक्य तिथे बोलू नकोस, बाई हसतात. बाबाही दगडासारखेच झोपायचे.

ता.क. २ – नाही आलास, तर बाबांचा स्टेशनचा कंदील चोरीला गेला नव्हता, तू तो देऊन सर्कशीचं तिकीट मिळवलं होतंस, हे मी तुझ्या नातवंडांना सांगेन. बाबांनी मला मारलं होतं.

ता.क. ३ – रागावू नकोस, पण वहिनींनी नवालला सगळं सांगितलं आहे. खुर्चीतल्या डुलक्या, डोळा लागून लिंबांच्या हातगाडीवर घातलेली मोटार, सगळं. आणि हेही, की दोन वर्षं झाली, त्या रात्रभर तुझ्या छातीवर हात ठेवून बसून असतात. तुला कळू देत नाहीत, तुझा पाणउतारा होईल म्हणून. माझ्यासाठी नको येऊस, यंत्रासाठी नको येऊस. एक रात्र तू इकडे झोप, म्हणजे त्या तिकडे झोपतील.