बावीस कॉम्प्युटर आणि माझी केबिन

३ मार्च
आज मीटिंग गाजवली. ऑफिसातले बावीस कॉम्प्युटर म्हातारे झालेत, नवे घ्यावे लागतील, असं साहेब म्हणत होते. मी उभा राहिलो. जुने टाकायचे नाहीत, त्यांचे थिन क्लायंट करायचे. म्हणजे सगळी अक्कल एका सर्व्हरमध्ये. बाकीच्यांनी तो सांगेल ते फक्त पडद्यावर दाखवायचं. सर्व्हर गोदामात धूळ खात पडलाच आहे. खर्च शून्य. साहेबांनी ‘शून्य?’ असं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. जमलं तर मॅनेजर म्हणून कायम करतील. एकोणीस वर्षं हॉलमध्ये घासल्यावर गेल्या महिन्यात हंगामी मॅनेजर झालो आणि केबिन मिळाली, एसीसकट. आता ती पक्की.
घरी बायकोला थिन क्लायंट समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आपल्या घरात तुम्ही. दुर्लक्ष केलं.

६ मार्च
इंजिनिअर आला. बोलतो कमी, उसासे जास्त. सर्व्हरची मेमरी वाढवायला लागेल म्हणाला. वाढवली. बिल दुरुस्ती खात्यात टाकलं. दुरुस्त्या काय, होतच असतात.

११ मार्च
वायरी कुजलेल्या निघाल्या. नव्या ओढल्या. वायर भिंतीत असते, म्हणून इमारत देखभाल.
सर्व्हर वापरायला माणशी परवाना लागतो म्हणे. माणशी! ते स्टेशनरीत बसवले. परवाना म्हणजे शेवटी कागदच. हिशेबवाल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, पेन्सिली सोन्याच्या आणल्यात का.
संकल्प: बाईंच्या टोमण्यांना उत्तर द्यायचं नाही.

१२ मार्च
उत्तर दिलं. त्यांनी दुप्पट दिलं.

१७ मार्च
उद्घाटन. साहेबांनी बटण दाबलं, बावीसच्या बावीस पडदे उजळले. टाळ्या. अंगावर मूठभर मांस चढलं.

१८ मार्च, सकाळी ९.४०
एकही चालेना. प्रत्येक कॉम्प्युटरला वाटतंय की आज बारा वर्षांपूर्वीची एक जानेवारी आहे. एवढ्या जुन्या पाहुण्याला सर्व्हर आत घेत नाही. टेबलाटेबलाला जाऊन हातानं तारीख घातली. साडेअकरा वाजले.

२१ मार्च
रोज सकाळी तेच. पूर्वी एक कॉम्प्युटर बसला की एक माणूस चहाला जायचा. आता अख्खं ऑफिस जातं. चहावाला मला वाकून नमस्कार करायला लागलाय.

२४ मार्च
कारण सापडलं. आतले बटणाएवढे सेल मेलेत, त्यामुळे वीज पूर्ण तुटली की कॉम्प्युटर तारीख विसरतात. पण रोज वीज तोडतो कोण? शिपाईमामा! संध्याकाळी मेन स्विचच खाली ओढतात. चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे भिंतीवरचं परिपत्रक दाखवलं: जाताना मेन स्विच बंद न केल्यास कारवाई होईल. खाली सही माझी. वळणदार आली आहे.
परिपत्रक भिंतीवरून उतरवलं. सेलही बदलले. किरकोळ.

२ एप्रिल
सर्व्हर तापून बंद पडला. गोदामाला खिडकी नाही. इंजिनिअर उसासा टाकून म्हणाला, याला चोवीस तास एसी पाहिजे. ऑफिसात एसी दोनच. एक साहेबांचा. साहेब एवढंच म्हणाले, की शून्य म्हणाला होतात.

३ एप्रिल
सर्व्हर माझ्या केबिनमध्ये. तात्पुरता. जागा भरपूर आहे.

४ एप्रिल
दिवसभर मिक्सर चालू असल्यासारखा आवाज. फोनवर काही ऐकू येत नाही. मी आपणहून टेबल बाहेर पाण्याच्या कूलरजवळ घेतलं. अधिकाऱ्यानं लोकांत मिसळलं पाहिजे.

९ एप्रिल
दारावरची माझी पाटी निघाली. तिथे आता ‘सर्व्हर रूम, परवानगीशिवाय प्रवेश नाही’. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. जिन्यात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. बायकोला सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल
हिशेबवाल्या बाईंनी दुरुस्ती, देखभाल आणि स्टेशनरी एकत्र करून साहेबांपुढे ठेवली. तेवढ्यात नवे कॉम्प्युटर आले असते, वर दोन जास्त. कायम करण्याबद्दल साहेब काही बोलले नाहीत. एक नवं काम मात्र दिलं: दिवसातून दोनदा सर्व्हरच्या खोलीचं तापमान वहीत लिहायचं. किल्ली शिपाईमामांकडे मागायची. असलं काम कुणालाही देत नाहीत.

१५ एप्रिल, दुपारी ३
हॉलमध्ये जीव नकोसा करणारा उकाडा. तापमान लिहायला आत गेलो. वीस. लिहिलं. जरा टेकलो, बूट काढले, डोळे मिटले. दहाएक मिनिटं झाली असतील. शिपाईमामांनी दार वाजवलं. म्हणाले, बाहेर या आता, माणूस आत बसला की खोली तापते आणि मशीनला त्रास होतो.
पुन्हा बघितलं. एकवीस झालं होतं. वहीतला आकडा खोडून एकवीस केला, बूट हातात घेतले आणि बाहेर आलो.