धाकलकाकाचा मुखवटा

सोमवार, १२ नोव्हेंबर २००७. जव्हार

मी लय वाईट केलं. सायबर कॅफेत बसून मुंबईच्या बाईचं खोटं नाव घेतलं आन् लाकडी मुखवटे विकायच्या नेटवरच्या ग्रुपवर लिहिलं, "पोशेऱ्याच्या धाकलकाकाच्या मुखवट्यात किडा निघाला." नुसती गंमत. पण सगळे काकावर तुटून पडले, गिऱ्हाइकं पळाली.

काकाचं नेटवरचं लिहिणं मीच करतो, म्हणून आज काकाच आला. "बाईला लिही पोरा, माझं चुकलं. बोहाड्याच्या जत्रेत सोंग घेऊन मी नाचवतो तो बापाच्या हातचा मुखवटा तिला देतो. पत्ता आला का पाठव." मुखवटा माझ्याकडंच ठेवून गेला.

किडा नव्हताच, काका! एवढं बोलायला काय झालं होतं मला?

परत द्यायचा तर सगळं सांगावं लागंल. नाही दिला तर काका बोहाड्यात काय घालून नाचंल? उद्या पोशेऱ्याला जातो. जाईन ना? तोवर हे कुणी वाचलंच तर पाया पडतो, कुणाला सांगू नको.