ओट्यावरचा फोन

रविवार, संध्याकाळ

संताप आवरत नाही म्हणून लिहायला बसले. दर रविवारी तोच तमाशा. माझी नात सई आयर्लंडहून व्हिडिओ कॉल करते आणि फोन प्रसादासारखा हातोहात फिरतो. आज सिन्नरहून सुनेची बहीणही आली होती. "अगं, गोरी झालीस की! नोकरी लागली की आम्हालाही बोलव हं!" पोर हसत होती. अंगात जाड कोट. खोलीत बसून कोट? कुणालाच विचारावंसं वाटलं नाही?

मी विचारलं, फोन स्वयंपाकघरात आणून. म्हणाली, "बाहेर जायचं म्हणून घालते गं, मग जातच नाही. आजी, बोलू नकोस. फोन नुसता ओट्यावर ठेव." ठेवला. मी मेथी निवडत राहिले, ती ऐकत राहिली. मग हळूच, "नोकरी नाही मिळाली, परत आले तर?"

तो कोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेवढ्यात माझा मुलगा महेश आत आला. फोन बंद समजून म्हणाला, "आई, परत यायचं म्हणाली तर लाड करू नकोस. अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेत आपण."

फोन बंद करता आला असता. नाही केला. "मग पेढे वाट पुन्हा," मी म्हटलं, "मुलगी घरी आली म्हणून."

"बाबा, मी ऐकतेय," ओट्यावरून आवाज आला.

महेश पांढराफटक. मग फोनवर वाकून त्याने विचारलं, "सई, तिथं खूप अवघड जातंय का गं?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, गाढवाने. आणि ती पहिल्यांदा रडली.