दुहेरी रेघ

बाबा,

आज तुमच्या नातीला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून आले. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद, म्हणून वडखळवरून गाडीने गेलो, आणि काशीदला परतताना त्या रस्त्यात अडकलो ते अडकलोच. ती माझ्या खांद्यावर झोपली होती, ओठांतून लाळ गळत होती. पंधरा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिचा उजवा हात कापतो, बोलताना जीभ जड होते. दुसऱ्या कुणाशी याबद्दल बोललं की ते लगेच धीर द्यायला लागतात, आणि धीराचा मला आता वीट आलाय, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली. आत्याने, म्हणजे तुमच्या बहिणीने, जी आता माझी सासू आहे, तांब्याची कळशी चिंचेने लखलखीत घासली आणि यकृताला चांगलं म्हणून महिनाभर पोरीला त्यातलंच पाणी पाजलं. कावीळ उतरली. सहा महिन्यांनी शाळेतून वही आली, अक्षर वाचता येत नाही म्हणून. मग सुरू झाली आमची वणवण. अलिबागच्या पोटाच्या डॉक्टरांनी हात पाहिला नाही, पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पोट पाहिलं नाही, आणि मनाच्या डॉक्टरांनी तर परीक्षेची भीती आहे, पोर नाटक करते, असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. मी त्यांचं ऐकलं. तिला दोनदा मारलंसुद्धा. शेवटी चष्मा लागला असेल म्हणून रेवदंड्याला डोळे तपासायला नेलं, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या बुबुळांच्या कडेची तपकिरी रेषा पाहिली, मान वर केली आणि विचारलं, हिला कधी कावीळ झाली होती का? पोट आणि हात एकाच पोरीचे आहेत हे लक्षात येणारी ती पहिली बाई.

आजाराला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे, आत्याला ते उच्चारता येत नाही. अन्नातलं तांबं अंगाबाहेर पडत नाही, आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. हा आजार फार क्वचित होतो, त्यामुळे ओळखणारेही क्वचितच. असे रुग्ण पाहिलेले यकृताचे डॉक्टर मुंबईत सापडले, पण त्यांची वेळ मिळायलाच अडीच महिने गेले. त्यांनी मेंदूच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि त्यांनी आनुवंशिक आजार बघणाऱ्या एका बाईंकडे.

त्या बाईंनी कोऱ्या कागदावर आपलं घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मला आणि माझ्या नवऱ्याला जोडणारी रेघ त्यांनी दुहेरी काढली, नात्यातलं लग्न असलं की अशीच काढतात म्हणे. मग तुमचा चौकोन काढला आणि गेलेले म्हणून त्यावर तिरकी रेघ मारली. वडील कशाने गेले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दारूने. इतकी वर्षं तेच सांगत आलेय, कुठे अडखळले नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. हात कापायचा का, बोलणं बिघडलं होतं का, असं विचारत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्यांना पिताना कुणी पाहिलं होतं?"

कुणीच नाही, बाबा. तुम्ही चौलच्या नाक्यावरचं शिलाईचं दुकान बंद करून घरी येता. आई मला पुढे ढकलते, जा, वास घे. मी बारा वर्षांची. तुम्ही वाकता, तोंड उघडता, माझ्या तोंडावर श्वास सोडता. कसलाच वास नाही. आई म्हणते, बडीशेप खाऊन आले असतील. हे रोजचं. पुढे तुमच्या शिवणी वाकड्या व्हायला लागल्या, गिऱ्हाइकं तुटली, आणि एक बाई ब्लाऊज परत करायला आली असताना मी तिच्यादेखत म्हणाले, मला तुमची लाज वाटते. तुम्ही कात्री खाली ठेवलीत. "पोरी, मी प्यालेलो न्हाय. हाताला काय झालंय ते मलाच समजत न्हाय." पण हे बोलतानाही तुमची जीभ अशी लटपटली की ती बाई हसली. मीही हसले.

दारुड्याची पोर म्हणून मला स्थळ येईना. तुम्ही अंथरुणावरून आत्याला विनवलंत आणि ती म्हणाली, "दादाची पोर हाय. मी न्हाय नेनार तर कोन नेनार?" तेव्हा मला वाटलं, सुटले. आता मुंबईच्या त्या बाई सांगतात, तुमच्याकडून माझ्यात आणि आत्याकडून तिच्या मुलात हा दोष लपून आला, आणि आमच्या पोरीत एकत्र झाला. म्हणजे तुम्ही न प्यालेल्या दारूने मला या घरात आणलं.

घरात आता चार फायली आहेत. गोळ्या जन्मभर, तेही उपाशीपोटी. खेकडे, तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, काजू बंद, त्यांत तांबं फार. हात सुधारेल का, तर डॉक्टर शब्द देत नाहीत, आणि आजही दिला नाही. आत्या माझ्यासमोर जेवायला बसत नाही. नवरा वाईट नाही, पण आम्ही एकमेकांकडे पाहिलं की मला ती दुहेरी रेघ आठवते. रागावून माहेरी जावं म्हटलं, तर माझं माहेर तेच आत्याचं माहेर, तोच ओटा, आणि ओट्यावर आई. तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुमची तपासणी आता होणं शक्य नाही, पण बाईंची जवळजवळ खात्री आहे. आजार असलेल्याचा भरतात तसा त्यांनी तुमचा चौकोन पेन्सिलीने काळा केला आणि शेजारी एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. तुम्ही निर्दोष होतात, हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगते, बाबा, त्या पेन्सिल उचलत होत्या तेव्हा मी मनात एकच म्हणत होते, माझा बाप दारुडाच निघू दे.