मुरबाडच्या पोरांनी माझं ऐकलं

२ डिसें., सोम.
मुरबाडच्या कबड्डी संघाचा पहिला आठवडा संपला. मॅट, दिवे, बूट, नाव छापलेल्या जर्सी. सगळं आहे. शेणव्यात नऊ वर्षं मी स्वतः मैदानावर पाणी मारून माती चोपत होतो. इथे हात लावायला काही शिल्लकच नाही. सरावाला बारापैकी नऊ जण. एक जण फोनवर बोलत बोलत वॉर्मअप करत होता.
एस.टी.ची सकाळची ड्युटी मागून घेतली आहे. दुपारी मोकळा, चारला मुरबाड. एक पोरगा म्हणाला, "मास्तर म्हंजे कंडक्टर म्हणून मास्तर का कोच म्हणून?" सगळे हसले. मीही हसलो. शेणव्यात हा प्रश्न कुणी विचारला नसता.
येताना जीप शेणव्याच्या मैदानावरूनच जाते, घर तिकडेच, इलाज नाही. पोरं पळत होती. मध्ये भरत उभा, हाताची घडी घालून, शिटी गळ्यात. मी उभा राहायचो तसाच. तोंड फिरवलं.

५ डिसें., गुरु.
लिहायचं नव्हतं पण लिहितो.
शेणव्याच्या मंडळाच्या सभेत मला न विचारता भरतला 'जोडीचा प्रशिक्षक' केला. तालुका तीनदा, जिल्हा एकदा आणून दिला त्याचं हे बक्षीस. सोळाव्या वर्षी भरतला मी उचलला. चढाईला पहिला पाय कुठला टाकायचा तेही त्याला माहीत नव्हतं. पुढे कप्तान केला. सभेत मान खाली घालून बसला होता. एक शब्द नाही. "मास्तर एकटे पुरेसे आहेत" एवढं म्हणाला असता तर.
मुरबाडवाले दोन वर्षं मागे लागले होते. दुसऱ्या दिवशी होकार कळवला.
बायको, मालती, फक्त म्हणाली, "पोरांना सांगितलात का?"
पोरांनी मला सांगितलं होतं का?

९ डिसें., सोम.
रोहितला झापला. मुरबाडचा कप्तान, एम.आय.डी.सी.त कामाला आहे. चढाईला जातो तेव्हा विजेसारखा, पण पकडीला उभा राहतो म्हशीसारखा. हे त्याला सगळ्यांसमोर असंच म्हणालो. त्याने बॅग उचलली आणि गेला.
भरतला, किशोरला, शेणव्यातल्या प्रत्येकाला याच्या दसपट बोललोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे हजर. राग गिळायची ताकद होती त्यांच्यात. शेतातली पोरं. मुरबाडच्या पोरांना बाजारपेठेचं वारं लागलंय.

१० डिसें.
रोहित आला नाही.

११ डिसें.
रोहित नाही. आणखी दोघे नाहीत.

१३ डिसें., शुक्र.
रोहित आला. मुरबाड मंडळाच्या अध्यक्षांनी आणला म्हणे. माझ्याकडे न बघता सराव केला.
शेवटी सगळ्यांना बसवून माझा नियम सांगितला. शेवटची पाच मिनिटं अंगावर जायचं. आघाडी असो नसो. मागे सरायचं नाही, वेळ काढायचा नाही. शेणव्याने सगळे सामने तसेच जिंकले. भरतचंही सांगितलं. ऐन वेळी तो वाकून माती घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि मग उठायचा. "खेळावर श्रद्धा असावी लागते," म्हणालो.
मागून कुणीतरी, "मास्तर, मॅटवर माती कुठं?"

१५ डिसें., रवि.
खर्डीची स्पर्धा. पहिल्याच फेरीत बाहेर.
पाच मिनिटं उरली तेव्हा सहा गुणांची आघाडी होती. सहा! मी ओरडलो, "अंगावर!" पोरं गेली. सांगितलं तस्संच केलं, हे मान्य करावं लागेल. प्रत्येक चढाईपटूवर तुटून पडले आणि प्रत्येक वेळी तो दोन दोन गुण घेऊन निसटला. दोन गुणांनी हरलो.
परतताना बसमध्ये रोहित खिडकीकडे बघत म्हणाला, "तुमी बोललात तसाच केला, मास्तर."
तेच कळत नाही. नियम तोच, आवाज तोच, मी तोच.

२२ डिसें., रवि.
आज जे कळलं ते लिहायला हात उचलत नाही.
मुरबाड नाक्यावर किशोर भेटला. शेणव्यात माझ्या बचावफळीचा उजवा कोपरा सांभाळायचा, हल्ली कल्याणची जीप चालवतो. सीट भरेपर्यंत चहा घेऊ म्हणाला. खर्डीचं त्याला कळलं होतं. मी म्हणालो, पोरं नियम पाळतात, तरी हरतात.
किशोर हसायला लागला. "पाळतात म्हणून तर हारतात, मास्तर. आमी कुठं पाळायचो?"
मला वाटलं गंमत करतोय.
"भरत कपाळाला माती लावायचा ना? ती खूण व्हती. माती लावली की मास्तरांचा ऐकायचा नाय. मागं सरायचा, येल काढायचा."
माझा चेहरा बघून त्याचा कप तोंडाशीच राहिला.
"तुमाला म्हाईत नव्हता? आमाला वाटला तुमाला कवाच कळला असंल."
जीप भरली. गेला बिचारा, पैसे देऊन गेला चहाचे.
आठ वर्षं. जिल्ह्याची फायनल. पोरांनी मला गावासमोर खांद्यावर घेतलं होतं त्या दिवशी. मी वरून हात हलवत होतो, आणि खाली मला उचलणाऱ्या सात जणांना माहीत होतं.

२३ डिसें., सोम.
मालतीला सांगितलं. वाटलं होतं चिडेल माझ्या बाजूने. ती तांदूळ निवडत राहिली. तेव्हाच समजलं की हिलाही माहीत होतं.
म्हणाली, "मातीचा मला म्हाईत व्हता. भरतनंच सांगितला व्हता."
मग दुसरं बाहेर आलं. मी पोराला झापला की ही दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी. कधी पापड द्यायच्या निमित्ताने, कधी त्याच्या आईला बघायला. "मास्तरांच्या मनात काय नसतं रे, तू ये." माझ्या नावाने शब्द देऊन यायची. किशोरने खेळ सोडला होता एकदा, महिनाभर जाऊन जाऊन आणला. मला वाटलं होतं कावीळ झाली होती त्याला.
"मला का नाही सांगितलंस?"
"सांगितला असता तर जाऊ दिला असता तुमी?"
मग तीच म्हणाली,
"नऊ वर्षांत एक तरी पोरगा टिकला नाय असा झाला का? तुमाला काय वाटला, कसे टिकले?"
ताट तसंच ठेवून उठलो. घरातच दुसरा संघ खेळत होता म्हणजे.

२७ डिसें., शुक्र.
भरतला गाठला. मैदानाच्या कडेला, पोरं यायच्या आधी. तो उठून उभा राहिला, पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.
विचारलं, कधीपासून?
"पयल्या वर्षी किन्हवलीत तुमचा ऐकला नि हारलो. तुमी दोन दिवस जेवला नव्हता, मालती काकीनं सांगितला. मग आमीच ठरवला."
"म्हणजे जिंकलात तुम्ही. मी नुसता शिटी वाजवायला."
"तसा नाय, मास्तर. चाळीस मिनिटांतली पस्तीस तुमचीच. आघाडी कोन मिळवून द्यायचा? तुमीच. ती राखायला तेवढा…"
मग सभेचं विचारलं. त्याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं. गुडघा गेलाय, यंदापासून खेळणार नाही. आता मैदानात खूण कोण करणार? म्हणून मंडळाला त्यानेच सांगितलं, मला मास्तरांच्या बाजूला बसवा.
"म्हणजे पहारा."
"सांभाळायला," तो म्हणाला.
मला सांभाळायला! त्याला सोळा वर्षांचा असताना एस.टी.च्या मागच्या सीटवर बसवून स्पर्धेला नेणारा मी.
मारायला हात उचलला होता. पोरं येताना दिसली. खाली घेतला.

३ जाने., शुक्र.
सरावाला आठ. रोहित होता. कुणाला झापलं नाही. धाडस होत नाही. काही सुधारलं तर कुणामुळे आणि बिघडलं तर कुणामुळे, हेच आता मला सांगता येत नाही. एक साधी पकड दाखवताना दोनदा चुकलो.
मालतीशी कामापुरतं बोलणं.

१२ जाने., रवि.
शहापूर. उपांत्य फेरी. समोर शेणवा. समोरच्या खुर्चीत भरत.
पस्तीस मिनिटं आमची पोरं अशी खेळली की शेणव्याचे प्रेक्षकही टाळ्या वाजवत होते. चार गुण पुढे. पाच मिनिटं बाकी. मी टाइमआउट घेतला. सातही जण माझ्याकडे बघत उभे. रोहित धापा टाकत म्हणाला, "बोला मास्तर. काय करायचा?"
"अंगावर" हा शब्द ओठांवर आला आणि अडकला. "मागे सरा" म्हणायचं तर ते भरतचं. समोर बघितलं, तो माझ्याकडेच बघत होता. मी काय करणार ते त्याला माहीत आहे असं तोंड.
म्हणालो, "तुमचं तुम्ही बघा."
पोरांना कळेना. एकमेकांकडे बघायला लागली. दोघे अंगावर गेले, तिघे मागे सरले, भिंतीला खिंडार पडावं तसं झालं. एका गुणाने हरलो.
भरत हात मिळवायला आला. मिळवला नाही.
पण रोहित. मॅटच्या कडेला बसून बूट सोडत होता, डोळ्यांत पाणी. "हारलो त्याचा काय नाय मास्तर. तुमी सांगितला असता नि हारलो असतो तर चालला असता. ऐन टायमाला सोडलात आमाला."
एवढंच.

१३ जाने., सोम.
मुरबाडच्या अध्यक्षांचा फोन. सराव तूर्त बंद, होळीनंतर बघू.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. मालतीने तिळगूळ हातावर ठेवला. "गोड बोला" म्हणाली नाही. मीही नाही.

१७ जाने., शुक्र.
भरतचे तीन फोन. उचलले नाहीत. मग शेणव्याच्या मंडळाचे दोघे घरी आले. परत या म्हणतात, एकटेच प्रशिक्षक, भरत बाजूला होतो म्हणाला आहे. चहा दिला. कळवतो म्हणालो.
त्याने खरंच सोडलं की पुन्हा मला सांभाळायचा नवा डाव? मला आता कुणाच्या चांगुलपणाचंही खरं वाटत नाही. हे त्यांनी माझं केलं.
आणि मी रोहितचं काय केलं?

१९ जाने., रवि.
हे रोहितच्या ओटीवर बसून लिहितोय. वही पिशवीत होती.
दुपारी निघालो. मालतीने विचारलं, कुठे? बाजारात, म्हणालो. मुरबाडहून सरळगावची जीप, तिथून आतल्या पाड्यापर्यंत चालत. दोन महिने ज्याला कप्तान म्हणून हाक मारली त्याचं घर विचारत तीन जणांकडे गेलो.
आई अंगणात वाल सोलत होती. कोण पाहिजे म्हणाली. सांगितलं, मी मुरबाडचा मास्तर.
हात थांबले तिचे. "त्याला रडवला ते तुमीच ना?"
हो म्हणालो.
मग सूप बाजूला केलं, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. "कंपनीतली पाळी सुटली की येतो. सहा वाजतात. त्याला बोलायचा असंल तर बोलंल, नसंल तर मी काय सांगायची नाय त्याला."
सांगू नका, म्हणालो.
काय बोलायचं ते ठरवून आलो नाही. जीपमध्ये चार वाक्यं केली होती, त्यातलं एकही आता माझं वाटत नाही.
सहा वाजून दहा. एक मोटरसायकल वळणावर दिसली. उभा राहिलो. ती पुढच्या घरी गेली.
परत बसलोय.