तीन डॉक्टर आणि एक गोळी

४ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
तीन डॉक्टरांनी माझी वाटणी करून घेतलीय. हाडांचे म्हणतात, पायांवर भार देऊ नका. साखरेचे म्हणतात, रोज तासभर चाला. परवा तिसरे भेटले, मूत्रपिंडांचे. तू औषधांच्या दुकानातून पाठवतोस ती सांधेदुखीवरची गोळी हातात घेऊन त्यांनी विचारलं, किती वर्षं घेताय. मी म्हटलं, चार, रोज दोन, भाऊच पाठवतो. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे केला. मूत्रपिंडं निम्म्याहून कमी चालतात म्हणे. गोळी बंद.
बोटं वळत नाहीत, शिलाई मशीन झाकून ठेवलंय. सुईत दोरा ओवायलाही शेजारीण येते. ती म्हणते, तुमच्यापायी मी शिंपीण होणार.
तू मनाला लावून घेऊ नकोस. माया आहेच.
तुझी ताई

१० मार्च
ती. ताईस,
सा. न.
पत्र गल्ल्यावर उभ्यानंच वाचलं आणि गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं. तो दारातून परत आला म्हणून निभावलं.
दिवसभर लोकांना बजावतो, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. तुला मात्र कुणाला न विचारता पाठवत राहिलो. तुझं अक्षर वाकडं दिसलं की राहवायचं नाही. मालकांनाही विचारलं. दुखणं थांबवणारं मूत्रपिंडाला चालत नाही, सूज उतरवणाऱ्यानं साखर चढते. तापाची साधी गोळी चालेल, पण तुझ्या सांध्यांपुढे ती काय टिकणार? मलम पाठवतोय.
रागाव, पण लिहीत राहा.
तुझा धाकटा

२२ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
मलमाचा वास चांगला आहे.
एक सांगायचंय. शिवणाच्या डब्यात जुन्या गोळ्यांचं एक पाकीट राहिलं होतं. काल त्यातली एक घेतली. तासाभरात मूठ वळली. चार तास मशीनवर बसले, शेजारणीच्या लेकीचा फ्रॉक पुरा केला. किती दिवसांनी माणसात आल्यासारखं वाटलं. आज पाय सुजलेत आणि भीती वाटतेय. पाच उरल्यात. टाकवत नाहीत.
तू औषधांतला माणूस. काय करू, सांग.
ताई

२७ मार्च
ती. ताईस,
सा. न.
तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. औषधांतला माणूस म्हणून एवढंच सांगतो, पाकीट आजच शेजारणीच्या हवाली कर आणि सुजेचं डॉक्टरांना कळव. भाऊ म्हणून काय करायचं ते तिथे येऊनच करतो.
शनिवारी येतोय, आठ दिवसांसाठी. तिन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावता येतं का बघतो. नाही जमलं तर तुझ्याजवळ बसून राहीन. दुखेल तेव्हा माझ्यासमोर कण्ह, लपवू नकोस. मला त्यावर काही करता येणार नाही, ताई, हे आधीच सांगून ठेवतो.
तुझा धाकटा